सुताला वारा सोसत नाही

आमच्या घरातल्या बायकांनी केलेला प्रत्येक प्रवास कोणाच्या तरी बाळंतपणासाठी होता. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आईला दोन वर्षं खोकला होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधापेक्षा महिनाभर हवापालट करा. वडील घरी येऊन आत्याला म्हणाले, "हवा बदला म्हणते तो! आपण का साहेब आहो?" दोघंही हसली. आईही हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली.

त्याच फाल्गुनात छिंदवाड्याहून मामाचं पत्र आलं, मामीचे दिवस भरत आलेत, बहिणीला पाठवा. झालं, लगेच परवानगी! स्वतःच्या जिवासाठी जिला उंबरा ओलांडता येत नव्हता, ती दुसऱ्याच्या कामासाठी दुसऱ्याच दिवशी छोट्या रेल्वेत बसली. सोबत मी, बारा वर्षांची. छिंदवाडा तेव्हा आमच्याच राज्यात होतं, नागपूर त्या राज्याची राजधानी, पण मी इतवारीच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं.

मामा जंगलखात्यात चौकीदार होता. दोन खोल्या, पुढे ऐसपैस ओसरी. काम तिथेही सुटलं नव्हतं. बाळाला न्हाऊ घालणं, बाळंतिणीची शेकशेगडी, धुणं, पाणी सगळं आईवरच. तरी आठवडाभरात तिचा खोकला उतरला. पुढच्या आठवड्यात ती भरला हंडा घेऊन टेकाड चढून आली आणि दम न खाता मामीशी बोलत राहिली. आईला गाताना मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं. आवाज काही गोड नव्हता, पण चांगला मोठा होता.

सव्वा महिन्यानं आम्ही परतलो. आत्यानं आईच्या तोंडावरचं तेज पाहून निकाल दिला, "बाळंतिणीची सेवा केली, पुण्य फळलं." मला असा संताप आला! पण बारा वर्षांच्या पोरीच्या संतापाला कोण विचारतो?

आमचं घर कोष्ट्याचं. मागाच्या खोलीला एकच खिडकी, आणि तीही ओल्या गोणपाटानं बंद, कारण नागपूरच्या कोरड्या वाऱ्यानं सूत कडक होऊन तुटतं. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत. आई त्याच खोलीत रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरत असे. सुताचा भुसा उडून नाकातोंडात जाई. परतल्यावर ती पुन्हा तिथेच बसली, आणि चौथ्या दिवशी खोकला हजर. दृष्ट लागली, आत्या म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं रहाट उचलला आणि अंगणात लिंबाच्या झाडाखाली नेऊन मांडला.

"काहून वं, बाहेर काहून बसली?" वडिलांनी आतून ओरडून विचारलं.

"आत बसली का खोकला येते. छिंदवाड्याले नव्हता येत."

"सुताले वारा सोसत नाही. कांड्या वाळून राहिल्या तुह्या."

"मले थे खोली सोसत नाही."

असं उत्तर त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या घरात सुताची तब्येत सगळे सांभाळायचे, दिवसातून चारदा त्याच्यासाठी पाणी शिंपडलं जायचं. बाईच्या छातीचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. वडिलांनी मग तोडगा काढला.

"ठीक आहे. तू बस बाहेर. पोरगी बसन आत."

पोरगी म्हणजे मी. आणि मी उठलेसुद्धा! सांगितलं की उठायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"पोरगी बी नाही बसणार आत. सूत तुटलं तं सांधा."

आठवडाभर घरात अबोला होता. खोटं कशाला सांगू, सूत खरंच तुटत होतं. आई कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आत पाठवायची, तरी आडवा धागा नेणारा वडिलांचा धोटा घडोघडी अडायचा. त्या उन्हाळ्यात लुगडी कमी निघाली. पण आईचा श्वास मोकळा झाला, आणि ती अंगणातून येणाऱ्याजाणाऱ्याशी मोठ्यानं बोलू लागली. आत्याला ते अजिबात खपलं नाही.

चार वर्षांनी वडील खोकू लागले. आईनं त्यांचं गाठोडं बांधलं, मामाला पत्र टाकलं, मला तिकिटांना पिटाळलं. गाडीच्या दिवशी ती मागाच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चला जी आता."

"हे लुगडं होऊ दे," ते खड्ड्यातूनच म्हणाले.

ते लुगडं झालं, मग दुसरं लागलं. पावसाळा संपायच्या आत वडील गेले. कोष्टीपुऱ्यात सगळे हळहळले, मोठा कष्टाळू माणूस म्हणाले. मी मात्र त्यांच्यावर अजून रागावलेली आहे. एक लुगडं अर्धवट राहिलं असतं, तर कोणाचं काय बिघडलं असतं?