आवडीचं गाणं

लग्नसराई संपली की चांदूर रेल्वेच्या बाजाराच्या मैदानात बँडवाले दर रविवारी संध्याकाळी फुकट वाजवतात. त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. दोन गाण्यांच्या मधे तो बाहीने वाद्याचं तोंड पुसतो, एखाद्या म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसतो आणि विचारतो, "बाबाजी, तुमाले कोणतं गानं आवडते?" म्हातारे खुशीत सांगतात. तो लगेच वाजवतो.

आमच्याकडे पिकलं पान गळलं की वाजतगाजत नेतात. शेजारचे काका गेले तेव्हा हाच बँड होता. काकांनी मैदानात सांगितलेलं गाणंच त्याने तिरडीपुढे वाजवलं, एकही सूर न चुकता. त्याच्या विचारण्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

मग एका रविवारी तो माझ्यासमोर येऊन बसला. मी पन्नाशीचा, चांगला धडधाकट.

"सर, तुमाले कोणतं आवडते?"

"मले कोणतंच नाही आवडत!" मी चिडलोच.

"राहू द्या. मंग मीच पायतो."

तेव्हापासून तो दर रविवारी शेवटी माझ्याकडे बघत एक संथ गाणं वाजवतो. मी ते कधीच पुरतं ऐकत नाही, उठून निघतो. पण काल आंघोळ करताना मी तेच गुणगुणत होतो, शेवटच्या ओळीपर्यंत.