पाहुण्यांची भजी

ती सहाच्या सहा कांदाभजी मीच खाल्ली. कबुली आधीच दिलेली बरी.

कात्रजच्या आमच्या सोसायटीत, पंपाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर ती कागदात ठेवलेली होती. "कोणासाठी?" मी विचारलं. "पाहुण्यांसाठी," असं कुजबुजून द्वारकाबाई वानखडे गाडीतला पिंजरा आणायला गेल्या. आता सोसायटीचा सेक्रेटरी मी, यजमान मी; पण भजी गरम असली की माणूस स्वतःला पाहुणा समजतो.

परत येऊन त्यांनी आधी रिकाम्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे.

"अहो, घुशींसाठी होती ती!"

"मग तसं सांगायचं ना!"

"पिंजरा लावताना नाव घेतलं की त्यांना कळतं."

बावीस वर्षं जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काढलेली ही बाई जंतूसुद्धा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही. पण अकोल्याच्या आईची ही शिकवण मात्र बिनपुराव्याची!

काम गंभीर होतं. आमचा वॉचमन सुखदेव लेप्टोनं हॉस्पिटलात होता. हा रोग घुशींच्या लघवीतून पसरतो, आणि पंपाच्या खोलीतल्या साचलेल्या पाण्यात सुखदेव रोज अनवाणी उतरायचा. आता पाणी सोडायला त्याची बायको हिरा उतरत होती. खोली बंद करा म्हटलं, तर कमिटी म्हणे, "पुरावा आणा."

त्या संध्याकाळी पिंजऱ्यात नुसती शिळी पोळी गेली. सकाळी पिंजरा रिकामा. माझ्यामुळे हिरा आणखी एक दिवस त्या पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी भजी मीच आणली, आणि एकही खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात मांजराएवढी घूस, चेहऱ्यावर थेट आमच्या अध्यक्षांचा राग!

द्वारकाबाईंनी तिला भूल देऊन लघवीचे चार थेंब घेतले. मी प्रयोगशाळेपर्यंत त्यांच्या मागोमाग गेलो. "बघा, पण हात लावू नका," म्हणत त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढची जागा दिली. काळ्याभोर अंधारात चांदीची बारीक सुतं! टोकाला आकडे, आणि वळवळ, वळवळ! "सापडले!" मी असा ओरडलो की स्टूल आडवं झालं.

"बसा. पक्की तपासणी व्हायचीय."

दुपारी फोन आला: तेच जंतू. तासाभरात पंपाच्या खोलीला कुलूप लागलं, हिरा डॉक्टरांकडे गेली. वेळेत आली, म्हणाले ते.

मी हर्षानं फोन केला, "द्वारकाबाई, या शोधात थोडा वाटा माझाही, नाही का?"

"तुमचा वाटा तुम्ही पहिल्याच दिवशी खाल्लात."