साडेत्रेसष्ट अंश

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, सुभेदार होतो. ऑगस्टमध्ये आमची तुकडी मुलचेऱ्याजवळ पूरमदतीला आली. पाचला चहा, सहाला बोट पाण्यात, अंधाराच्या आत परत, हा रोजचा क्रम. मी कुरखेड्याचा. लान्स नायक रफिक गडचांदूरचा, शिंप्याचा मुलगा. बी.एस्सी. अर्धवट सोडून फौजेत आलेला. जवानांना परीक्षेची गणितं तोच शिकवायचा.

चौथ्या दिवशी ०९४० ला वायरलेस आला.

"पलीकडच्या टेकाडावर नऊ माणसं. पाणी चढतंय. ओव्हर."

बोटीचं इंजिन आदल्या दिवशी बंद पडलं होतं. दोर पलीकडे गेला तरच तो धरून बोट नेता येणार होती. दोरी फेकायच्या बंदुकीची दोन रॉकेट्स उरली होती. पहिलं मी अंदाजानं सोडलं. टेकाडाच्या अलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या येनाच्या झाडांत दोरी अडकली. कापावी लागली.

दुसरं भरायला घेतलं, तर रफिकनं दहा मिनिटं मागितली.

"काऊन? पाणी थांबून राह्यलं का?"

"रॉकेट एकच आहे, साहेब."

मी दिली. टेकाडावरच्या एका मोहाच्या झाडासमोर, आमच्या काठावर, त्यानं खुंटी ठोकली आणि तो मोह पंचेचाळीस अंशांत दिसेपर्यंत काठानं चालत गेला. अशा काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतात. तो चालला तेवढाच पाण्याचा पाट : १२० मीटर. पंचेचाळीस अंशांवर रॉकेट दीडशे मीटर जातं, हे सरावात मोजलेलं होतं. मेसेज पॅडवर त्यानं समीकरण मांडलं. उत्तरं दोन आली, साडेसव्वीस अंश आणि साडेत्रेसष्ट. दोन्ही कोनांनी रॉकेट टेकाडावरच पडणार होतं. पण शंभर मीटरवरच्या झाडांपाशी पहिल्या कोनात उंची मिळत होती आठ मीटर, दुसऱ्यात तेहतीस. झाडं बारा मीटरची होती.

त्यानं बांबूच्या कामट्यांचा त्रिकोण बांधला. एक फूट आडवा, दोन फूट उभा. तिरप्या कामटीला लावून बंदूक धरली. १०१० ला सोडलं. दोरी झाडांच्या खूप वरून गेली. पलीकडच्यांनी तिच्यामागचा जाड दोर ओढून मोहाला बांधला.

बोट घेऊन रफिकच गेला. दोन खेपांत सहा जण आले. तिसऱ्या खेपेला काठ दहा मीटरवर असताना ओंडका बोटीवर आला. रफिकनं तो दोन्ही पायांनी ढकलला आणि त्याच्यासोबत पाण्यात गेला. त्याचं लाइफ जॅकेट एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर होतं. तिघंही काठाला लागले. रफिक दुसऱ्या दिवशी सापडला.

गडचांदूरला मीच गेलो. त्याच्या वडिलांनी शिलाई मशीन थांबवली.

"भाऊ, त्याचं काई चुकलं का?"

"नाई, चाचा. चुकला तो माहा अंदाज. त्याचं उत्तर बरोबर आलं."

मग त्यांनी त्या नऊ जणांची नावं विचारली. मला सातच सांगता आली. उरलेली दोन विचारायला मी परत मुलचेऱ्याला गेलो.