बुरशी लागली!

माझ्या नणंदेनं तीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या. निवृत्त झाल्या, आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिल्या आणि डोक्यात खूळ घेऊन बसल्या: गल्लीतल्या पोरांना कुत्र्याच्या छत्र्या शिकवायच्या. अळंबी म्हण, असं मला दटावतात. मी नाही म्हणत, जा!

दर रविवारी नऊ-दहा पोरं चिखलाच्या पायांनी माझ्या स्वयंपाकघरातून आरपार. माझ्याच मोठ्या पातेल्यात पेंढा उकळायचा, पोरांनी तो पिळायचा, पिशवीत दाबायचा, मधे मधे बियाणं पेरायचं, सुईनं भोकं पाडायची. कुणी भिंग घेऊन बसलंय, कुणी बाजारातून आणलेल्या छत्रीची टोपी काळ्या कागदावर ठेवून तिची पूड कशी पडते ते बघतंय. "चाटायचं नाही, हात धुवायचे," हा ताईंचा जप. पोरांशी बोलताना नुसता मध, आणि माझ्याशी बोलायचं तर जीभ कात्रीसारखी. मीही काही कमी नाही म्हणा.

मला ती खोली हवी होती, माझ्या आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती भावाकडे होती आणि भावजय तिला बाल्कनीत झोपवत होती. बाल्कनीत! मी नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन त्याला बोलायला लावलं. तो म्हणाला, "ताई, तुझ्या दोन खेपा काळ्या पडल्या, घरभर घाण सुटली. ही तिसरीही वाया गेली, तर खोली हिच्या आईची."

"कबूल," ताई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, तशी मी खोलीत शिरले. गोणपाटाचा पडदा सारला आणि काय सांगू! एकूण एक पिशवी पांढरीफटक, आत कापसासारखी बुरशी. पावाला बुरशी लागली तर आपण काय करतो? फेकतोच ना? मी तिथूनच भावाला फोन लावला. "रविवारी आईला घेऊन ये. खोली तयार आहे."

रविवारी पोरं जमली. मी नवऱ्याला पेपरातून उठवून मागे आणला आणि सगळ्यांदेखत पडदा ओढला.

"बघा! बुरशी लागली तुमच्या पिशव्यांना!"

पोरं पिशव्यांवर वाकली. मग पुढचे दात पडलेली एक पोरगी किंचाळली, "लागली! बुरशी लागली!" आणि सगळी पोरं उड्या मारत ताईंच्या गळ्यात पडली. मला काही कळेना. ती बोळकीच मला समजवायला आली, "काकू, पांढरी बुरशीच तर हवी असते. तिच्यातूनच अळंबी येते. काळी आली तर वाया!"

"मग खोली ताईचीच," नवरा म्हणाला.

ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "आधी विचारायचंस तरी," म्हणाल्या. अस्सा संताप आला मला!

तेवढ्यात दारात गाडी थांबली. भावानं आईची बॅग उतरवली, तिच्या हातात वॉकर दिला आणि घाई आहे म्हणत पायरीवरूनच परत गेला. आत पोरांच्या टाळ्या आणि आरडाओरडा चालूच होता. आई उंबऱ्याशी थांबून ऐकत राहिली. तिचा चेहरा फुलला.

"एवढी पोरं! माझ्यासाठी जमवलीस का गं?"

मी म्हटलं, "हो."