सत्तेचाळीस नंबरचा जोड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डर मला एकदाच भेटला. शेडमध्ये पंखे बसवा, या अर्जावर मी सह्या गोळा करत होतो. एवढ्याशा मागणीला माणसं घाबरत होती, आणि तिघांनी तर नावाऐवजी नुसते आपले कामगार-नंबर लिहिले होते. माझं डोकं फिरलं होतं.

त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि टूलबॉक्समधून एक मळकं माहितीपत्रक काढलं. कुणी जर्मन इंजिनिअर देऊन गेला होता. चित्रात लोखंड वितळवायची प्रचंड, गंजलेली भट्टी होती आणि तिच्या जिन्यावर पोरंबाळं घेऊन चढणारी माणसं.

"कारखाना खलास झाला, भाऊ. आता लोक तिकीट काढून बघायला येतात."

"भंगार बघायला?"

"भंगार तुझ्या लेखी. चित्रातला हा टोपीवाला म्हातारा तिथेच कामाला होता. आता पाहुण्यांना फिरवतो आणि सांगतो, हा जोड माझा."

मग त्याने स्वतः जोडलेल्या पाइपवर बोट ठेवलं. जोडाशेजारी त्याचा नंबर ठोकला होता, सत्तेचाळीस.

"उद्या हा बघायला कोणी आलं, तर सत्तेचाळीस म्हणजे कोण, ते कुणाला कळणार?"

पेन मागून त्याने वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. खाली गावही लिहिलं.

"अरे, घरी पाठवतील तुला!" शेजारचा ओरडला.

"पाठवू देत. नंबर इथंच ठेवून जाईन."

त्याचं नाव मी इथे छापत नाही, कारण तो अजून तिथेच कामाला आहे, असं ऐकतो. पण मी दारापर्यंत पोचलो तेव्हा नंबर लिहिलेले ते तिघं मागून आले आणि त्यांनी अर्ज परत मागितला. खोडायला नव्हे, नावं लिहायला.