रोटाचा वाटेकरी

मालतीबाईचं नाक म्हणजे एक आफत होती. डाळ करपायच्या आधी तिला वास यायचा आणि पोर खोटं बोलायच्या आधी संशय. गावापासून दूर, पांडेसरा नावाच्या कापडमिलच्या वस्तीतल्या त्या गल्लीत दिवसभर मिलच्या रंगांचा उग्र दर्प भरलेला. पण त्यातूनही हिला बरोबर कळायचं, कुठं काय शिजतंय ते.

यंदा श्रावणात घरात कानबाई देवी बसली, वाजतगाजत गेली. मागे टोपलीत रोट उरले. खानदेशी माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. कानबाईचा रोट म्हणजे गव्हाच्या पिठाचा प्रसाद. तो फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. परक्याच्या तोंडात घास गेला तर देवी कोपते. मालतीबाईचा नवरा धुडकू गळ्यात तुळशीची माळ घालणारा, कांदा-लसूण न शिवणारा. या बाबतीत तो स्वतःच्या सावलीचंसुद्धा ऐकत नसे.

आणि चंचल? बारावीतली ही लाडाची लेक दरवर्षी रोट बघून नाक मुरडायची. तीच यंदा डब्यात रोट भरून ट्युशनला निघाली!

"भूक लागते गं मम्मी," चंचल म्हणाली.

भूक म्हणे! मालतीबाईच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा रोट. आणि वर केसांना क्लिप नवी.

नवऱ्याला सांगावं, तर धुडकूचा कायदा घरात सगळ्यांना पाठ होता. "पोर शिकी राह्यनी, शिकू द्या. पन तिना मांगे एखादा पोऱ्या दिखना, त कालेज बंद. गावले नेसू नि लगीन लाई देसू." आणि हा माणूस बोलला की करणारच. मालतीबाईला स्वतःला सातवीतून काढून बोहल्यावर चढवलं होतं. त्या दिवशी दप्तर कुठं ठेवलं होतं, ते तिला अजून आठवायचं. चंचलचं तसं व्हायला नको होतं. पण म्हणून पोरीनं असे गुण उधळायचे?

तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती पोरीच्या मागे निघाली. ट्युशनच्या पुढच्या वळणावर ज्यूसची लारी, म्हणजे हातगाडी, उभी होती. लारीमागे मोटारसायकलला टेकून एक उंच पोरगा उभा. चंचलनं डबा उघडला आणि तो मजेत रोट खाऊ लागला. अगं आई गं! मालतीबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. पोरीचं जे होईल ते होईल, इथं तर देवीचाच घात झाला होता.

"कोना पोऱ्या शेस रे तू?" तिनं थेट पुढ्यात उभं राहून कुणाचा पोर ते विचारलं.

पोराचा घास घशात अडकला. चंचलचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ मात्र सुरूच. "मम्मी, हा कुंदन. पाटीलच आहे. आपल्याच कुळातला, भाऊबंद. म्हणून तर दिला रोट!"

खानदेशात दगड भिरकावला तरी पाटलालाच लागतो. खरं काय, खोटं काय, कसं कळणार? कुंदननं आधी चंचलकडं पाहिलं, मग मान हलवली. ते आधी चंचलकडं बघणं मालतीबाईनं नेमकं टिपलं.

"असं का?" ती गोड आवाजात म्हणाली. गोड बोलली की ती जास्त घातक. "मग भाऊच झालास की तिचा! पौर्णिमेला ये घरी. चंचल राखी बांधील."

घरी जाताना ती स्वतःवरच खूश होती. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. राखी बांधली की विषय संपला, आणि नवऱ्याला कळायचंही कारण नाही.

पौर्णिमेला कुंदन इस्त्रीचा शर्ट घालून आला. धुडकूनं गाव विचारलं, कूळ विचारलं, आजोबाचं नाव विचारलं. पाढे म्हणावेत तसा पोरगा घडाघडा बोलला. हे पाढे कुणी शिकवले, ते मालतीबाईला दिसत होतं. पण बोलणार काय? हा भाऊबंद नाही म्हटलं, तर परक्यानं रोट खाल्ला हे आलं. मग तो कुणी दिला हे आलं. आणि मग चंचलचं कॉलेज गेलं. स्वतःच्याच सापळ्यात पाय अडकला होता.

चंचलनं राखी बांधली. गाठ मात्र सैल होती.

धुडकूला आनंद मावेना. "मना भाऊबंदना पोऱ्या! वरून गाडीवाला! रोज लई जात जाय रे बहिणले क्लासले. मले घोर नही."

मालतीबाईच्या हातातलं ओवाळणीचं ताट कलंडता कलंडता राहिलं. दोघं जिना उतरले, तशी ती गॅलरीत धावली. खाली कोपऱ्यावर गाडी थांबली. कुंदननं मनगट मागे केलं. चंचलनं दोऱ्याचं एक टोक ओढलं, राखी सुटून हातात आली. ती तिनं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग सहज वर पाहिलं, आणि गॅलरीत आई दिसली.

पोरीनं हात जोडले नाहीत की मान खाली घातली नाही. नुसती बघत राहिली. डोळ्यांत भीती होती, अगदी लहानपणी अंधाराला भ्यायची तशी. मालतीबाईला संताप आला, रडू आलं, आणि सातवीतलं ते दप्तर आठवलं.

"गयात का भाऊबहीण?" आतून धुडकूनं विचारलं.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. देवघरात अजून कानबाईचा नारळ होता. मालतीबाईनं तिकडं पाहायचं टाळलं.

"गयात," ती म्हणाली आणि तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं.