छातीतली जयजय

दारव्ह्याच्या चौकात ट्रॅव्हल्स उभी होती. माझ्या दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि क्लीनर दार वाजवत सगळ्यांना घाई करत होता. पुण्याला निघालेल्या बाकीच्या मुलींचे बाप खिडकीखालून पाकीट सांभाळ, वेळेवर जेव, असं सांगत होते. माझे बाबा म्हणाले, "तिकडे गेल्यावर आपल्यासारखं नोको बोलू वं बाई. लोकं हासतीन." त्यांच्या मागे आई उभी होती. तिनं नुसती मान हलवली.

मी बाबांचं ऐकलं. मराठीत एमए करायला आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात 'डोया' म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ते दोनदा म्हणून दाखवलं. मग हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी 'ळ' घोटला. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. केळं, डोळा, काळा, बाभूळ. आमच्या भागात या सगळ्यांत 'य' येतो: केयं, डोया, काया, बाभूय. कित्येक पिढ्या तो येत आला आहे आणि त्यामुळे कुणाचं काही अडलेलं नाही. पण मी घोटला. इतका घोटला की नोकरीच्या मुलाखतीत शनिवार पेठेतले सर खूश होऊन म्हणाले, "वा! आपल्या बोलण्यात विदर्भ अजिबात जाणवत नाही हो." आणि मी त्यांना धन्यवाद दिले. आज ते धन्यवाद आठवले तरी तोंड कडू होतं.

तुमच्यापैकी जे दारव्ह्यालाच राहिलात ते फोनवर विचारता, नेमकं काम काय करतेस? येरवड्याला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. मराठी शिकवणारं एक ॲप आहे. लोक त्यावर प्रश्न विचारतात, मी उत्तरं लिहिते आणि मुलाखतीतले तेच सर ती तपासतात. 'चहा पिलो' की 'प्यायलो'? 'माझी मदत कर' हे बरोबर का? 'आणि' अन् 'व' यांत फरक काय? ओव्हरथिंकिंगला मराठीत काय म्हणायचं? पहिले काही महिने मला हे काम फार आवडलं. हळूहळू लक्षात आलं की निम्म्या लोकांना शिकायचं नसतंच, त्यांना दुसऱ्या कुणाला तरी चूक ठरवून हवं असतं. 'माझ्या सासूबाई अमुक म्हणतात, ते अशुद्ध आहे ना?' 'आमचा टीम लीड असं बोलतो, रेकॉर्डिंग पाठवू का?' बरोबर उत्तराला हिरवी खूण होते, चुकीला लाल फुली आणि वर एक घाणेरडा भोंगा वाजतो. तो भोंगा मी दिवसभर ऐकते. त्यातही 'ळ'चा धडा माझ्याच आवाजात आहे. देशोदेशीची मराठी पोरं माझं ऐकून 'बाळ' म्हणायला शिकतात.

बाबा गेले आणि आईला मी नारायण पेठेत माझ्याकडे आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड चांगला. ज्यांनी तिला दारव्ह्याच्या बाजारात पाहिलंय त्यांना सांगायला नको. भाजीवाल्याशी तिचं भांडण सुरू झालं की चार दुकानांतली गिऱ्हाइकं ऐकायला थांबायची. इथं शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी तिला प्रेमानं शिकवलं, "अहो आजी, 'मले' नाही, 'मला' म्हणायचं. येईल हं सवयीनं." त्या काकू रोज वाटीभर काहीतरी आणून देतात, वाईट अजिबात नाहीत. म्हणून तर त्यांना उलटून बोलताही येत नाही, आणि तेच जास्त संतापजनक आहे.

मग एक दिवस आईनं छाती चोळत डॉक्टरकडे नेण्याचा हट्ट धरला. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय होतंय आजी?" आई म्हणाली, "छातीत जयजय होते वं बाई." मुलीनं मान वर केली. "जय जय? कोणाची जय जय?" आणि ती हसली. बाकांवर बसलेले पेशंटही हसले, एक गृहस्थ तर पेपर खाली ठेवून हसले. आमच्याकडे जळजळीला जयजय म्हणतात. जळणाऱ्या माणसाला त्यात विनोद दिसत नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, काय त्रास होतो? आई म्हणाली, "काही नाही. ठीक आहे." मग मीच तिच्या वतीनं भाषांतर केलं, ॲसिडिटी. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर माझ्या आईनं जे केलं ते कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही. तिनं 'ळ' असलेले सगळे शब्द बोलण्यातून काढून टाकले. सकाळ म्हणायची वेळ आली की 'उठल्यावर' म्हणायची. काळ्या पिशवीला 'ती पिशवी'. केळी आणायला सांगणं बंद झालं, त्याऐवजी सफरचंद मागायची, जे तिच्या दातांना चावत नाही. मंडईत बोट दाखवून भाजी घ्यायची आणि सांगितलेला भाव मुकाट देऊन यायची. जे शब्द उरले ते ती इतके जपून उच्चारायची की ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मला त्या 'ळ'ची शिसारी आली. माझ्या स्वतःच्या गुळगुळीत जिभेचीही आली.

नेमक्या याच दिवसांत सरांनी मला बोलावलं. 'ळ'च्या धड्यात सामान्य चुका घालायच्या होत्या. डोया, केयं, काया अशी उदाहरणं द्यायची, प्रत्येकावर फुली आणि भोंगा.

"आपल्यालाच रेकॉर्ड करावं लागेल," सर म्हणाले. "आमच्या तोंडून ते नाटकी वाटेल."

मी म्हणाले, "सर, ती चूक नाही. बोली आहे."

"असेल की. घरी बोलावी. चूक ऐकवल्याशिवाय शुद्ध काय ते कळणार कसं?" मग काहीतरी सुचल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "आपल्या मातोश्री आल्यात ना सध्या? त्यांचाच आवाज घेऊ या. अगदी अस्सल मिळेल."

त्या माणसाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांना खरोखर ती चांगली कल्पना वाटत होती. मी मात्र समोर आलेली कॉफी बाजूला सारली. माझ्या आईचा आवाज घ्यायचा आणि त्याच्यावर भोंगा वाजवायचा. 'अशुद्ध'चा जुन्या मराठीतला अर्थ रक्त, हे आमच्याच ॲपवर मी लिहिलंय आणि सरांनी त्यावर हिरवी खूण केली आहे. ते त्यांना सांगावंसं वाटलं, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नाही सर. मी करणार नाही आणि तीही करणार नाही."

"बरं, राहिलं," ते म्हणाले. "इतकं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे त्यात, ते मला कळलं नाही."

काम अडलं नाही. ऑफिसात निगडीचा एक मुलगा आहे, जेवणानंतर आमच्या बोलीची नक्कल करत 'काऊन बे' म्हणून सगळ्यांना हसवतो. त्यानं रेकॉर्ड केलं. ते तपासायला माझ्याकडेच आलं. हेडफोनमध्ये ऐकलं, कुठल्याशा सिनेमातल्या दारुड्यासारखा सूर लावून तो 'डोया' म्हणत होता. असं आमच्याकडे कुणीही बोलत नाही. मी हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघाले.

जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, आई पायरीवर बसलेली होती. भाजीची पिशवी बाजूला आणि एक हात छातीवर. मी खाली बसले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काय होऊन राहिलं वं आई?"

किती वर्षांनी मी तसं बोलले ते मला सांगता येणार नाही. तिनं आधी वर, मग खाली, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "जयजय होऊन राहिली," ती हळूच म्हणाली. "मांगपासूनच हाये. त्या गोयीनं जात नाही." मांगपासून म्हणजे आधीपासून, गोयी म्हणजे गोळी. आणि मला म्हणाली, "कोनाले सांगू? हासतेत लोकं."

रिक्षा करून तशीच तिला दवाखान्यात नेली. काउंटरवर तीच मुलगी होती. ती विचारायच्या आत मी, जिचा 'ळ' पोरांना नमुना म्हणून ऐकवतात ती, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या आईच्या छातीत जयजय होऊन राहिली. जिना चढली का होते. आताच्या आता आत घ्या." या वेळी कुणी हसलं नाही. कदाचित माझा चेहरा बघून नसतील हसले.

आत आईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती बोलायला लागली. "जिना चढली का जयजय होते डॉक्टरसाहेब. मंग डावा हात जड पडते, जबड्यापावतर येते. घाम सुटते. बसली का थांबते." डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मध्ये एकही शब्द न सुधारता त्यांनी तिला चार-पाच प्रश्न विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही ॲसिडिटी नाही हो. हे हृदयाचं दिसतंय. आत्ताच ईसीजी काढू, पुढचं मोठ्या हॉस्पिटलात बघावं लागेल. हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते काउंटरपासून शनिवार पेठेपर्यंत इतकं लांबलचक होतं की ते तसंच ठेवून मी आईला उठायला हात दिला.

तिला बाजूच्या खोलीत झोपवलं, पडदा ओढला आणि मी बाहेर खुर्चीवर बसले. नोकरी सोडलेली नाही, आज ना उद्या पुन्हा येरवड्याला जाऊन कुणाच्या तरी सासूच्या भाषेचा निवाडा करायचा आहे. दारव्ह्याच्या घराला कुलूप आहे, नारायण पेठेतलं घर दुसऱ्याचं आहे. तुम्ही विचारता, आता घर कोणतं म्हणायचं? मला एवढंच कळतं, की दुखणं ज्या नावानं दुखतं त्याच नावानं जिथं सांगता येतं, ते. अशी जागा या क्षणी एका पडद्यामागे होती आणि तिथं टेक्निशियन बाई आईच्या हातापायांना चिमटे लावत होती. आईचं मात्र चालूच होतं. जिना, मंडई, कुणी काय भाव लावला, कोण हसलं.

"आजी, दोन मिनिटं अजिबात बोलू नका हं," बाई म्हणाली. "आलेख बिघडतो."

"बिघडू दे वं माय," आतून आईचा आवाज आला, दारव्ह्याच्या बाजारातला. "लय दिवसाची गप आहो मी."